हौद किती लिटरचा, ते आधी विचार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सोलापुरात भाड्याने कोणतं घर घ्यावं, हे विचारणारा तुझा मेसेज आणि दोन्ही घरांचे फोटो मिळाले. फोनवर बोलता आलं असतं, पण बोलण्याच्या नादात आकडे निसटतात, म्हणून लिहूनच काढते.

एक घर सैफुलच्या पुढे, आतल्या कॉलनीत, नवं टू बीएचके, भाडं ७,५००. दुसरं रेल्वे लाईन्समध्ये, जुनं, दोनच खोल्या, भाडं ११,०००. तुझं ऑफिस सात रस्त्याजवळ. लांबचं घर घेतलं तर महिन्याला ३,५०० वाचतील आणि ते गाडीच्या हप्त्याला लागतील, असं तू लिहिलंयस. माझी निम्मी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली, म्हणून हक्काने सांगते, हा हिशेब तू उलटीकडून मांडलास. सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत, तर हप्ता येतो १२,४५५. मुदत सात वर्षांची केलीस तर तो ९,६५० च्या आसपास उतरतो, पण व्याजापोटीच दोन लाखांच्या वर जातात. वर विमा आहे, नव्या गाडीचा थर्ड पार्टी तर तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. सर्व्हिसिंग आहे, शंभरीपार गेलेलं पेट्रोल आहे. साडेतीन हजार वाचवायला निघालीस आणि पंधरा-सोळा हजार अंगावर घेतेयस. लोक हप्ता भरू शकत नव्हते असं नाही, भरायचे. पण पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी हौसेने गाडी पुसणारी माणसं तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर बसून विचारायची, मॅडम, हप्ता कमी करून मिळेल का? त्यांचे चेहरे अजून आठवतात.

आणि सैफुल ते सात रस्ता अंतर तरी किती? तुझ्या स्कूटीला वीस मिनिटं पुरतात. सोलापूर म्हणजे पुणं नव्हे. गाडी तुला ऑफिससाठी नकोच आहे, ती हवी आहे उन्हासाठी आणि मंगळवेढ्याहून येणाऱ्या आई-बाबांसाठी. ही दोन्ही कारणं मला खरी वाटतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी दोनला उन्हात उभी राहिलेली स्कूटी, तिचं सीट हाताला चटका देतं, हे मी वर्षानुवर्षं सोसलंय. पण उन्हावर जवळचं घर हाही उपाय आहे. आणि आईच्या गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, तर घरापासून रिक्षा करा, मंगळवेढ्याहून आणायचं असेल तर दिवसभरासाठी गाडी ठरवा. त्याचा खर्च हप्त्याच्या निम्माही होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तू फोटोत फरशी दाखवलीस, मॉड्युलर किचन दाखवलंस, बाल्कनी दाखवलीस. हौद दाखवला नाहीस.

आपल्याकडे उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, थोडं पाईपलाईनने, थोडं भीमेतून औजच्या बंधाऱ्यात. आणि गावाला नळ येतो चार-पाच दिवसांआड. सरकारी हिशेबाने माणशी दिवसाला १३५ लिटर लागतात. तू आणि आई-बाबा राहायला आले तर तिघं, पाच दिवस, म्हणजे जवळजवळ दोन हजार लिटर. आठ फ्लॅटची इमारत आणि खाली दहा हजारांचा हौद असला, तर तुझ्या वाट्याला साडेबाराशे. उरलेलं बोअरचं जड पाणी नाहीतर टँकर, आणि टँकरचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे कोणी आपण होऊन सांगत नाही.

लग्न झाल्यावर आम्ही कुमठा नाक्याच्या पुढे स्वस्तात घर घेतलं होतं. घरमालक म्हणाले, पाण्याची काळजीच नको. पहिल्याच आठवड्यात रात्री अडीचला पाणी सुटलं, आणि कळलं की हौद पाच फूट खोल असला तरी तळाला दोन फूट गाळ आहे. मी बांबूची काठी घालून पाहिलं, कंबरेइतकी ओली होऊन ती वर आली आणि टोकाला काळा चिखल. पुढची तीन वर्षं मी नळाच्या तारखा कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिल्या. माहेरी जायचं असलं तरी आधी तारीख बघायची. घराचं भाडं कमी होतं, ते मी झोप देऊन भरलं.

तेव्हा दोन्ही घरांत विचार, हौद किती लिटरचा, किती घरांत, मोटार कोण लावतं, बोअर मे महिन्यात टिकतं का. घरमालकाला नको, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचार. सैफुलचं घर वरच्या मजल्यावर, बेडरूमची भिंत पश्चिमेला, असं फोटोवरून दिसतंय. तिथे दुपारी तीन-चारला जा, भिंतीला तळहात लाव. मग रात्री नऊला पुन्हा जा आणि मुख्य रस्त्यापासून आत येताना दिवे किती लागतात ते मोज. तुझं ऑडिट मार्चमध्ये रात्री उशिरापर्यंत चालतं आणि सैफुलला जाणाऱ्या विजापूर रोडवर त्या वेळी जड वाहनं धावत असतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्याही असतात, मागे दिवा नसलेल्या. मला याचीच धास्ती वाटते.

रेल्वे लाईन्सच्या घरात खोट नाही असं नाही. जानेवारीत गड्डा यात्रा भरली की होम मैदानाच्या बाजूने संध्याकाळी निघता येत नाही, खोल्या लहान आहेत, गाडी लावायला जागाच नाही. पण तू चालत स्टेशनवर पोचशील आणि आई-बाबांना एसटी स्टँडवरून रिक्षा सहज मिळेल. हौद पुरेसा निघाला तर माझं मत याच घराला.

करार मात्र तोंडी करू नकोस. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमात ती जबाबदारी घरमालकावर आहे. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे खर्चाचं कारण पुढे करायला जागा नाही. डिपॉझिट कधी, किती दिवसांत परत, रंगकामाचे पैसे कापणार का, हे त्यातच लिहून घे.

गाडीचं पुढच्या दसऱ्याला बघू. तोवर हप्त्याएवढे नाही, पण आठ हजार दरमहा बाजूला टाक. ते जमतंय की नाही, यावरून तुलाच कळेल.

रविवारी सकाळी आधी माझ्याकडे ये. भाकरी खाऊन निघू. बांबूची काठी माझ्याकडे अजून आहे, ती घेते.

तुझी,
काकू