पळून आलेल्या लोकांच्या मुलाखतींवरून सोव्हिएत समाज खरंच कळतो का?

कळतो, पण त्यातली टक्केवारी जशीच्या तशी उचलू नका. हार्वर्ड विद्यापीठाचा १९५०-५१ मधला प्रकल्प घ्या: सोव्हिएत संघातून बाहेर पडून परत न गेलेल्या निर्वासितांना तिथल्या जगण्याबद्दल विचारणारा. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेमंड बाउअर त्यातले एक प्रमुख. सातशेहून अधिक सविस्तर मुलाखती, बऱ्याचशा म्युनिकच्या परिसरात. लेखी प्रश्नावल्या वेगळ्या. पैसा अमेरिकन हवाई दलाचा, हेही ध्यानात असू द्या.

मुख्य अडचण अशी की मायदेशी न परतलेला माणूस राजवटीवर खार खाऊन असणारच. त्यात समोर बसलेला अमेरिकन! म्हणून 'किती टक्के नाराज' हा आकडा जवळपास निरुपयोगी. त्याऐवजी गटागटांत तुलना करायची: कोलखोजवरचा (सामूहिक शेतावरचा) शेतकरी विरुद्ध इंजिनिअर, तरुण विरुद्ध म्हातारे. राग सगळ्यांनाच आहे, तरी तो कुणाचा कशावर आहे यातला फरक बरंच सांगून जातो.

दुसरं, प्रवाहाविरुद्धची उत्तरं हेरायची. हीच माणसं सामूहिक शेती आणि गुप्त पोलिसांना शिव्या घालत, पण मोफत शिक्षण नि सरकारी दवाखाने राहू द्या म्हणत. अमेरिकन माणसाला खूश करायला असं कोण बोलेल? म्हणून या उत्तरांचं वजन जास्त.