कायद्याने जबाबदारी टाकली तर गरीब-श्रीमंत दरी खरंच कमी होते का?

सरकारी यंत्रणांवर कायद्याने जबाबदारी टाकून दरी कमी होते का सगळं कागदावरच राहतं, असं तुम्ही विचारलंय. होते. पण जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, हे कायद्यात लिहिलेलं असेल तरच. नाहीतर सगळी साहेबांची मर्जी.

माझ्या भाच्याचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्क्यांत (खासगी शाळेत गरीब मुलांसाठी ठेवलेल्या फुकट जागा) नंबर लागला, पहिलीला. दाजी रिक्षा चालवतात, ताई घरी ब्लाऊज शिवते. भाडेकरार, तहसीलदाराचा एक लाखाच्या आतला दाखला, पडताळणी सगळं पार पडलं आणि जूनमध्ये शाळा म्हणते अ‍ॅक्टिव्हिटी फी भरा मगच पुस्तकं. पोरगं शेजारच्याच्या पुस्तकात बघत बसायचं. डायरीत लाल पेनने 'फी बाकी', ती पण बाई सगळ्यांसमोर हातात देणार. शेवटी तो डायरी ताईच्या कापडांच्या गाठोड्यात लपवायला लागला.

घरात जुनाच वाद पेटला. आमच्या थोरल्या काकांचं कायमचं म्हणणं, अर्ज-बिर्ज करून काही होत नाही, नगरसेवकाला सांगा, एका फोनचं काम आहे. मी म्हणलं फोनवर झालं तर ते उपकार, पुढच्या वर्षी परत त्याच्याच दारात उभं राहा, आणि वर्गातल्या बाकी आरटीईच्या पोरांचं काय?

2009 च्या याच कायद्यात कलम 9 सरळ सांगतं की दुर्बल घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे स्थानिक प्राधिकरणाने बघायचं, म्हणजे आमच्याकडे महापालिकेने. कलम 32 खाली लेखी तक्रार दिली की तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगात अपील. मी अर्जात कलमं टाकली, डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलावरून हललो नाही. साहेब 'ठेवून जा, बघतो' म्हणत होते. शाळेला पत्र गेलं, पुस्तकं मिळाली, एकट्या भाच्याला नाही, आरटीईच्या सगळ्या पोरांना. फोनवर हे झालं असतं? काका अजून मान्य करत नाहीत.

आणि 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनेच नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट दिली होती. जुलैत मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. नुसती योजना असती तर एका जीआरने गुंडाळली असती, कायदा होता म्हणून लोकांना कोर्टात भांडता आलं.

हां, शाळांचंही एक खरंय, सरकार एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये द्यायचं कबूल करतं आणि तेही थकवतं. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना हे 25 टक्के लागूच नाहीत. आणि आठवीनंतर कायदा हात झटकतो, नववीला पूर्ण फी, हे मला अजिबात पटत नाही, बारावीपर्यंत वाढवायलाच पाहिजे. तोपर्यंत तुमच्याकडे कोणाचं अडलं असेल तर नगरसेवक नंतर, आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.