रोहिंग्या इतकी वर्षं बांगलादेशच्या छावणीत आहेत, मग पक्की घरं का बांधत नाहीत?

बांधू देत नाहीत म्हणून. रोहिंग्या म्हणजे म्यानमारमधला मुस्लिम अल्पसंख्याक समाज. ऑगस्ट २०१७ नंतर तिथल्या लष्कराच्या हल्ल्यांपासून पळून त्यांच्यातले सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशच्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. त्यांना तिथल्या जंगलाच्या टेकड्यांवर वसवलं आणि कुतुपालोंग ही जगातली सगळ्यात मोठी छावणी झाली. पण कागदोपत्री सगळं तात्पुरतंच. त्यामुळे विटा-सिमेंटला मनाई, फक्त बांबू आणि ताडपत्री. बांबूला कीड लागते, तो वारंवार बदलायचा. झोपड्या एकमेकींना खेटून. मार्च २०२१ च्या आगीत सुमारे ४५ हजार लोक उघड्यावर आले. पळायला गेले तर काटेरी तारेचं कुंपण आडवं!

नोकरीची रीतसर परवानगी नाही, म्हणजे पोट रेशनवर. २०२३ मध्ये निधी आटला तेव्हा ते माणशी महिन्याला १२ डॉलरवरून ८ वर आणलं. (आठ डॉलरमध्ये महिना काढून बघा.)

बांगलादेशला नुसतं झोडपणं मला पटत नाही. स्वतःच दाटीवाटीचा देश, तरी सीमा उघडली. खरी मेख म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यात आहे. सरकारमान्य वांशिक गटांच्या यादीत रोहिंग्या नाहीत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखाईन प्रांतात राहूनही ते परकेच. परत या, पण नागरिक म्हणून नाही, असा तिथल्या सरकारचा पवित्रा. २०१८ आणि २०१९ मध्ये परत पाठवायची तयारी झाली होती, पण नागरिकत्वाची हमी नसल्याने जायला कोणी तयार झालं नाही.