'संयुक्त डोळा' की 'सहस्राक्ष'?

प्रश्न असा: माशी, चतुर, कोळंबी यांच्या डोळ्याला 'संयुक्त डोळा' म्हणतात. म्हणजे अनेक डोळे एकमेकांना जोडले गेले का? आणि त्यापेक्षा इंद्राचा 'सहस्राक्ष' काय वाईट?

'सहस्राक्ष' मलाही फार आवडतो (तो 'सहस्र' असाच लिहावा, 'सहस्त्र' नव्हे). पण इथे तो चुकीचा ठरतो. माशीला मोठे डोळे दोनच, शिवाय डोक्यावर तीन बारीक साधे डोळे. शेकड्यांनी-हजारोंनी असतात त्या नेत्रिका, म्हणजे त्या मोठ्या डोळ्यातले भिंग असलेले बारीक घटक. फळमाशीच्या एका डोळ्यात त्या ७५० ते ८००, मोठ्या चतुराच्या डोळ्यात ३०,००० च्या घरात. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक कीटकांत एकेक नेत्रिका समोरच्या दृश्यातला एकच ठिपका टिपते. अशा ठिपक्यांचं मिळून चित्र होतं, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८२६ मध्येच मांडलं होतं. तेव्हा 'माशीचे हजारो डोळे' असं लिहूच नये.

आता 'संयुक्त'. शब्दाचा अर्थ 'जोडलेला', त्यामुळे सुटे डोळे सरकत जवळ आले आणि चिकटले असं वाटतं. घडतं वेगळंच. फळमाशीच्या अळीत डोळा तयार होताना पेशींच्या पापुद्र्यावरून एक बारीक चर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे नेत्रिकांच्या रांगा एकामागून एक उमटत जातात. एकच नमुना, पुन्हा पुन्हा. मराठी व्याकरणातली उपमा द्यायची तर हा सामासिक शब्द नव्हे, अभ्यस्त शब्द आहे. 'देवघर' नव्हे, 'घरघर'.

हा नमुना जुनाही किती! कीटक आणि कवचधारी, दोघांच्याही नेत्रिकेत बहुधा भिंगाखाली चार पेशींचा स्फटिकशंकू (पारदर्शक शंकू) आणि त्याखाली साधारण आठ प्रकाशग्राही पेशी सापडतात. इतका तपशील जुळतो, म्हणून तो समान पूर्वजाकडून आला असं मानतात. उलट कोळी आणि विंचू यांचे बाजूचे सुटे डोळे मूळच्या संयुक्त डोळ्याची फाटाफूट होऊन उरले, असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे तिथे जोडणी नाही, चक्क विग्रह झाला!

तरी शब्द बदलू नये. 'संयुक्त' रुळलेला आहे आणि कोळंबीला तर तो नेमका लागू पडतो. तिच्या डिंभकाच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) नेत्रिका षटकोनी आणि आपापल्यापुरतं पाहणाऱ्या. प्रौढपणी त्याच चौकोनी होतात, बाजूंच्या आरशांनी उजेड परतवतात आणि अनेक नेत्रिकांचा उजेड एकाच जागी पडतो.