माळवदाच्या घरात भर टाकण्याआधी

तीन खणांचे (दालनांचे) जुने माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर, दिवसाही दिवा लावावा लागणारी मधली खोली, वाढत्या वयाची दोन मुले, आणि 'आत भर टाकून फरशी करा, याच भिंतींवर स्लॅब ओढू' असे सांगणारा गवंडी, हे आपण लिहिलेले वाचून मला आमचेच घर आठवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी अभियंता नाही. शेवटचा निर्णय जाणकाराला घर दाखवूनच घ्यावा.

आमची सर्वांत मोठी चूक भर टाकण्याची झाली. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो आमच्या उंबऱ्याच्या वर गेला आणि पावसाचे पाणी ओसरीत येऊ लागले. नालीसाठी मी संबंधित कार्यालयात वर्षभर अर्ज घेऊन फिरलो. दर वेळी 'पाहणी करू' एवढेच उत्तर मिळे. पाहणीला कोणी आले नाही. शेवटी कंटाळून आम्ही घरात सव्वा फूट भर घातली, आणि तीही शेतातल्या काळ्या मातीची, कारण ती घरची होती. पहिल्याच पावसाळ्यात ती फुगून फरशा उचलल्या, उन्हाळ्यात आकसून सांधे उघडले, आणि भिंतींना कमरेपर्यंत ओल चढली. मूळची सव्वाआठ फुटांची उंची जेमतेम सात फूट उरली. आई दारातून वाकून ये-जा करू लागली. एके दिवशी नऊ वर्षांची लेक बाजेवर उभी राहून परकराची नाडी बांधत होती. तिने हात वर केला आणि बोटे पंख्याच्या पात्यात गेली. दोन बोटांना टाके पडले. ती भर आम्ही दुसऱ्याच आठवड्यात उपसायला काढली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पाणी घराबाहेरच अडवावे. उंबरा उंच करावा, स्वखर्चाने का होईना नाली काढावी, पण आतली जमीन वर आणू नये.

मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर स्लॅब तर मुळीच टाकू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात माणसे दगावली ती मुख्यतः अशाच जाड भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे अंगावर येऊन. दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची आपली रीत असल्याने हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. आमच्याकडे दोन खणांवरून जवळजवळ दीड फूट माती निघाली. त्या दोन खणांत आम्ही काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पाया नेला, आतून लोखंडी खांब उभे केले आणि अकरा फुटांवर हलके पत्र्याचे छत घातले. भिंती आता केवळ आडोशाला आहेत. मधल्या खणाचे माळवद मात्र ठेवले, त्यावरची माती कमी केली आणि बुजवलेले सवणे (छतातले उजेडाचे भोक) पुन्हा उघडून त्यावर जाड काच बसवली. उजेडासाठी एवढा स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. आता लेक त्याच उजेडात अभ्यासाला बसते.

जाता जाता एक सांगतो: माळवद उतरवण्याआधी तुळया मोजून त्यांची लांबी-जाडी वहीत लिहून ठेवा, आणि उतरवणारा 'लाकूड आमचे, मजुरी नको' म्हणाला तर तसा सौदा कोणाशीही करू नका. आमच्या दोन सागवानी तुळयांतून घराची सगळी नवी दारे झाली.