गुडघे टेकून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. दोन वर्षं मोठ्यांच्या टेबलांवर क्लोज-अप, म्हणजे अगदी जवळून दाखवायची जादू, केल्यावर आता पहिल्यांदाच चिमुरड्यांच्या घोळक्यात फिरत जादू दाखवायची आहे, आणि त्यासाठी तू पत्त्यांचे चार नवे प्रयोग बसवतोयस. ते चारही घरी ठेव. ५२ पत्त्यांतून नेमका एक सापडणं किती अवघड, हा हिशेबच चार वर्षांच्या मुलाकडे नसतो. मग सापडल्याचं नवल कुठून वाटणार?

१९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती. एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून खेळायला जातो. मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आला की कुठे शोधेल? तीन वर्षांच्या आसपासची मुलं बहुतेक वेळा दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट खरोखर तिथे आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून उत्तर बदलायला लागतं. ही गोष्ट मला उशिरा कळली, पण कळल्यावर माझ्या फसलेल्या कितीतरी प्रयोगांचा उलगडा झाला. आपली निम्मी विद्या समोरच्याच्या डोक्यात चुकीची समजूत रुजवण्यावर उभी आहे. 'नाणं डाव्या हातात आहे' असं मोठ्या माणसाला वाटतं आणि डावा हात रिकामा निघाला की तो दचकतो. तीन वर्षांचं मूल म्हणतं, नाहीये? बरं. आणि दुसरीकडे बघायला लागतं.

म्हणून आधी साधं काय असतं ते त्याला पुरतं अनुभवू दे. स्पंजचा लाल चेंडू त्याच्या हातात दे, दाबायला सांग, रंग विचार, 'किती आहेत?' म्हणून मोठ्याने मोजून घे. 'एक!' असं त्याच्याच तोंडून आलं की मग दोन होण्याला काही किंमत येते. मोठ्यांपुढे इतका वेळ घालवलास तर ते कंटाळतील. इथे तो वेळ हाच प्रयोगाचा पाया आहे.

मिसडायरेक्शनबद्दल, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळवण्याबद्दल, तू विचारलंयस. मोठ्यांना प्रश्न विचारला की ते सभ्यपणे तुझ्या तोंडाकडे बघतात. मूल उत्तर देतं, पण नजर हातावरून हलत नाही. कधी ती तुझ्या खिशावर असते, कधी बुटाच्या लेसवर. ही नजर वळवायच्या खटपटीत पडू नकोस. जे करायचं ते मूल बघायला लागण्याआधीच झालेलं असू दे. चेंडू आधीच पाम केलेला, म्हणजे तळहातात लपवलेला, रुमाल आधीच जागेवर. मुलांसाठी मी असेच प्रयोग निवडत आलो, ज्यांत लबाडी सुरुवातीआधीच संपलेली असते.

अँगलचं, म्हणजे मूल कुठून बघतंय याचं, मात्र मनावर घे. तू उभा असलास की मुलाचे डोळे तुझ्या पट्ट्याच्या उंचीवर येतात. ज्या हातात चेंडू लपवून तू हात सहज खाली सोडतोस, तो हात नेमका त्याच्या नाकासमोर असतो. फोन खुर्चीच्या बसायच्या जागेवर ठेव, कॅमेरा वर वळव आणि अख्खा प्रयोग चित्रित कर. पहिल्या दिवशी वाईट वाटेल, वाटू दे. मग गुडघा टेकून तोच प्रयोग पुन्हा कर. खाली बसलास की अँगल सुधारतात आणि बुजरं मूलही अर्धं पाऊल पुढे येतं. पाठीशी भिंत असू दे, कारण घोळक्यातलं एखादं मागून येऊन वाकून बघतंच.

चेंडूच्या प्रयोगात मुलाला मूठ मिटायला लावू नकोस. त्या मुठीत दोन चेंडू मावत नाहीत, आणि मूठ वेळेआधीच उघडते. ओंजळ करायला सांग आणि वरून आई किंवा ताईचा हात ठेवायला सांग.

आता थोडं कडक बोलतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे नियम सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर ठरतात. त्या नळीत मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानली जाते. स्पंज तर दाबला की आणखी लहान होतो, त्यामुळे मोठा आकार घेतला म्हणून निर्धास्त राहू नकोस. घोळक्यापाशी जाताना चेंडू मोज, निघताना पुन्हा मोज. छोटे जोरदार चुंबक मुलांच्या हाती पडता कामा नयेत. दोन गिळले गेले तर आतड्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसून भोक पडू शकतं. तोंडातून नाणं काढणं, काही गिळून दाखवणं हे तर अजिबात नाही. मूल तुझी नक्कल करणार, आणि तेव्हा तू तिथे नसशील.

आणि मुलाची स्वतःची वस्तू कधी गायब करू नकोस. मी केली होती. साडेतीन वर्षांच्या एका मुलीची केसांतली पिन घेतली, फुंकर मारली, हात रिकामे दाखवले. आजूबाजूचे मोठे हसले. तिचा चेहरा मात्र असा पडला, की आजही आठवला तरी पोटात कालवतं. मी लगेच पिन परत दिली, पण ती घेऊन ती आजीच्या मागे गेली आणि मी तिथे असेपर्यंत बाहेर आली नाही. तिच्यालेखी पिन खरोखरच गेली होती, आणि ती मी नेली होती.

कानामागून नाणं काढायचं असेल तर आधी विचार. मान होकारार्थी हलली नाही, तर स्वतःच्या कोपरातून काढ. 'मला माहितीये, बाहीत आहे!' म्हणून ओरडणाऱ्याशी वाद घालू नकोस. त्याला फुंकर मारायचं काम दे.

एकदा एका छोट्याच्या ओंजळीत दुसरा चेंडू पोचला होता. मी म्हटलं, 'उघड.' त्याने नाही म्हणून मान हलवली. सगळे 'उघड, उघड' म्हणायला लागले, तशी त्याने ओंजळ छातीशी धरली. आत काहीतरी हललंय हे त्याला कळलं होतं. मी बाकीच्यांना गप्प केलं आणि त्याच्यासमोर तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने अंगठे जरासे दूर केले, एकट्यानेच आत डोकावून पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

तुझा,
काका