आवाज घुमतो, अक्षरे फिकट दिसतात

प्रश्न : मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ करायला शिकते आहे. वर्गात आवाज घुमतो आणि फळ्यावरची अक्षरे मधेच फिकट होतात. काय चुकतंय?

उत्तर : मोबाइल लांब असला की भिंतींवरून परतणारा आवाजही माइक टिपतो. कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. कपडा त्यावर घासला तर खरखर येते. माइक नसेल तर दुसरा मोबाइल खिशात ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचे चित्र आणि आवाज जुळवला की पुढचे सगळे जुळते.

अक्षरांचे कारण ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने चित्राचा उजेड आपोआप कमी-जास्त करणे. गडद कपड्यांत तुम्ही चौकटीत आलात की कॅमेरा उजेड वाढवतो आणि अक्षरे फिकट दिसतात. स्क्रीनवर फळ्याच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक मोबाइलमध्ये एक्स्पोजर लॉक होते. आधी 10 सेकंदांची चाचणी हेडफोनवर ऐकाच.